हेडलाइट पिवळे, टपावर पोपडे: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

उन्हाळ्याच्या तोंडावर गाडीची काळजी या विषयावर प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांत सर्वाधिक हेडलाइट आणि रंगाबद्दलची निघाली. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. उत्तरांआधी एक गोष्ट सांगून ठेवतो. हेडलाइट असो की बॉनेट, ऊन झेलतो तो सगळ्यात वरचा पातळ पारदर्शक थर (रंगावरच्या अशा थराला लॅकर म्हणतात). कारखान्यात तो एकदाच बसतो आणि प्रत्येक घासण्यात थोडा कमी होतो. म्हणून खाली जागोजागी आम्ही घासायला नको म्हणताना दिसू.

प्रश्न : हॅचबॅक सात वर्षांची आहे. दोन्ही हेडलाइट पिवळे आणि धुरकट झालेत, उजवा जास्तच. टूथपेस्टने घासले तर चकाकले, पण चार महिन्यांत परत तसेच. एक गॅरेजवाला म्हणतो नवे टाका, दुसरा म्हणतो बफिंग करून देतो. कुणाचं ऐकू? (रुईकर कॉलनी)

आजच्या हेडलाइटची पुढची काच पॉलिकार्बोनेट नावाच्या प्लास्टिकची असते. जुन्या अॅम्बॅसिडर-पद्मिनीला खरी काच होती, ती तडकायची पण पिवळी पडत नसे. पॉलिकार्बोनेट दगड सहन करतं, मात्र उन्हातले अतिनील किरण त्याला सहन होत नाहीत. म्हणून कारखान्यात त्यावर कडक पारदर्शक लेप देतात. काही वर्षांच्या उन्हाने हा लेप आधी भुरभुरतो, मग ठिकठिकाणी सुटतो, आणि उघडं पडलेलं प्लास्टिक पिवळं व्हायला लागतं.

टूथपेस्टमध्ये बारीक खर असते. तिने पिवळा पापुद्रा निघतो, दिवा चकाकतो. पण सोबत उरलासुरला लेपही जातो आणि नवा काही बसत नाही. उघडं प्लास्टिक पहिल्यापेक्षा लवकर पिवळं पडतं, तुमचे चार महिने त्यातलेच. नुसतं बफिंग करून देणाऱ्याचंही तेच होणार. त्याला एकच विचारा, बफिंगनंतर वर काय लावणार? उत्तरात पारदर्शक चिकट फिल्म किंवा टू-के लॅकर (घट्ट करणारं हार्डनर मिसळलेलं लॅकर) आलं नाही तर पैसे देऊ नका.

उजवा जास्त पिवळा आहे, म्हणजे गाडी उभी असताना उजव्या बाजूला जास्त ऊन लागतं. कोल्हापुरात मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत किंचित उत्तरेकडे असतो. बाकीचं सगळं वर्ष तो दक्षिणेकडून तळपतो. त्यामुळे उघड्यावर लावायची वेळ आली तर नाक उत्तरेला ठेवा. दुपारनंतर गाडी उभी राहणार असेल तर निदान पश्चिमेला तरी करू नका. फुकटात होणारी काळजी एवढीच.

आता दिवा सुधारण्यासारखा आहे का, ते पाहा. काच धुवा आणि ओली असतानाच बघा. पाण्याखाली ती स्वच्छ दिसली आणि वाळताच पुन्हा धुरकटली, तर दोष बाहेरच्या पृष्ठभागात आहे, घासून निघेल. ओली असतानाही धुरकट दिसली तर दोष आतल्या बाजूला किंवा प्लास्टिकमध्ये खोलवर आहे. टॉर्च तिरका धरून जवळून बघितल्यावर काचेत केसासारख्या भेगांचं जाळं दिसलं, तर घासण्यात अर्थ नाही. ते जाळं प्लास्टिकच्या आत गेलेलं असतं. आतला चंदेरी रिफ्लेक्टर काळवंडला किंवा सोलला असेल तरी दिवा बदलणंच बरं, कारण बाहेरून कितीही चकाकला तरी रस्त्यावर उजेड पडणार नाही.

बाहेरचाच दोष असेल तर काम असं करायचं. दिवा शाम्पूच्या पाण्याने धुवा. कडेच्या बॉनेट, बंपर, मडगार्डवर मास्किंग टेपचे दोन थर लावा, कारण पेपर एकदा जरी घसरला तरी रंगावर ओरखडा उठतो. जुना लेप कुठे सुटलेला, कुठे शाबूत असेल तर आधी ८०० नंबरचा वॉटर पेपर, म्हणजे ओला वापरायचा पॉलिश पेपर घ्या. नखाने तपासा, लेपाची कड लागत असेल तोवर हा पेपर सोडायचा नाही. मग १०००, १५००, २००० आणि ३०००, याच क्रमाने. पेपर दहा मिनिटं पाण्यात भिजवलेला हवा, पाण्यात शाम्पूचे दोन-चार थेंब, आणि स्प्रे बाटलीने काच सतत ओली. प्रत्येक नंबरला एका दिव्यामागे चार-पाच मिनिटं. एका नंबरला आडवं घासलं तर पुढच्याला उभं, म्हणजे आधीचे ओरखडे पुरते गेले की नाही ते दिसतं. पहिल्या पेपरला पाणी पिवळसर दुधासारखं ओघळतं. ते पांढरं झालं की पिवळा थर संपला. नंबर गाळायचा मोह इथेच होतो, आणि काम इथेच बिघडतं. ८०० चे ओरखडे २००० ने जात नाहीत, दिवसा दिसतही नाहीत, पण रात्री समोरच्याच्या डोळ्यांत उजेड विखुरतो.

पुढे कशाने झाकणार, त्यावर कुठे थांबायचं ते ठरतं. फिल्म लावायची असेल तर ३००० पर्यंत जा, मग कंपाउंड (घासून चकाकवणारी पेस्ट) आणि फोम पॅडने कमी वेगात पॉलिश करा. मशीन एका जागी धरू नका. पॉलिकार्बोनेट १४५ ते १५० अंशांच्या आसपास मऊ पडतं, आणि जोरात दाबलेला पॅड तिथपर्यंत सहज पोचतो. लॅकर मारायचं असेल तर १००० किंवा १५०० वरच थांबा. आरशासारख्या गुळगुळीत काचेला लॅकर पकडत नाही, सहा महिन्यांत पापुद्रे निघतात. बारीक ओरखडे लॅकर स्वतः भरून काढतं.

लॅकर टू-के म्हणजे हार्डनरसकटच हवं. साध्या स्प्रे डब्यातलं एकेरी लॅकर पेट्रोलच्या थेंबाने सुरकुततं आणि वर्षभरात पिवळं पडतं. फवारण्याआधी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी समप्रमाणात घेऊन काच पुसा. पहिला हात अगदी विरळ, नुसता धुक्यासारखा. दहा मिनिटांनी दुसरा, मग तिसरा. पहिलाच हात ओला मारला तर लॅकरमधलं थिनर प्लास्टिकला खातं आणि वर सांगितलेलं भेगांचं जाळं नव्या कामातच पडतं. डबा १५ ते २० सेंटीमीटरवर धरा. दमट हवेत लॅकर पांढुरकं पडतं, त्यामुळे जून ते सप्टेंबर हे काम नको. दिवाळीनंतरची किंवा फेब्रुवारी-मार्चमधली कोरडी सकाळ निवडा, सावलीत. टू-के लॅकरच्या हार्डनरमधलं आयसोसायनेट फुप्फुसाला फार वाईट. कापडी मास्क त्याला अडवत नाही, सेंद्रिय वाफांसाठीचा कार्ट्रिज मास्क लागतो. तो नसेल तर हे काम चांगल्या पेंटरकडून बूथमध्ये करून घ्या. यात हयगय करू नका.

दोन्हींपैकी निवडायचं तर घरच्या घरी करणाऱ्याने फिल्म लावावी, असं आमचं मत. खराब झाली तर सोलून नवी लावता येते, खालची काच शाबूत राहते.

पेट्रोल, थिनर, ब्रेक क्लीनर यातलं काहीही या काचेवर नको. डास पळवणारा फवारा मारून दिवे चकाकवायची युक्ती सध्या फिरते आहे. त्यातलं रसायन प्लास्टिकचा वरचा थर विरघळवतं, म्हणून क्षणभर चकाकी येते, आणि मग चिकट डाग उरतो. शेवटचं, दिवे स्वच्छ झाल्यावर त्यांचा झोत भिंतीवर तपासून घ्या. उजेड कमी पडतो म्हणून कुणी मध्येच ५५/६० वॉटच्या जागी ९०/१०० चा बल्ब घातला असेल तर तो काढा, त्याच्या उष्णतेने होल्डर आणि रिफ्लेक्टर दोन्ही जातात.

प्रश्न : पांढऱ्या गाडीवर बारीक नारिंगी ठिपके आलेत. धुतल्यावर जात नाहीत. गंज आतून येतोय का? गाडी दिवसभर कंपनीच्या आवारात असते. (शिरोली एमआयडीसी)

आतून नाही, बाहेरून आला आहे. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या पट्ट्यात फाउंड्रीची कामं आहेत. कास्टिंग घासताना उडणारे लोखंडाचे बारीक कण हवेतून येऊन बसतात. गरम असतील तर लॅकरमध्ये रुततात आणि पहिल्या दवाला गंजतात. पांढऱ्या गाडीवर दिसतात एवढंच, काळ्या गाडीवरही ते तितकेच असतात. गाडी धुऊन पुसल्यावर हातात प्लास्टिकची पातळ पिशवी घालून बॉनेटवरून बोटं फिरवा. नुसत्या हाताला न जाणवणारी खरखर पिशवीतून लगेच कळेल.

टॉयलेट क्लीनर किंवा कुठलंही अॅसिड लावू नका. ठिपके जातील, पण त्यासोबत लॅकरची चमक आणि ट्रिमचं क्रोमही जाईल. बाजारात आयर्न रिमूव्हर मिळतो. गाडी थंड असताना, सावलीत, एका वेळी एकाच भागावर तो फवारा. लोखंड सापडलं की द्रव जांभळा होऊन ओघळतो. तीन ते पाच मिनिटं ठेवा, वाळू देऊ नका, मग भरपूर पाण्याने धुवा. वास कुजक्या अंड्याचा असतो, हातमोजे घाला. त्यानंतरही खरखर राहिली तर क्ले बार (रुतलेले कण उचलणारी मऊ मातीसारखी वडी), तोही शाम्पूच्या पाण्याने ओल्या पृष्ठभागावर, हलक्या हाताने. क्रम उलटा करू नका. रुतलेलं लोखंड आधी न विरघळवता क्ले फिरवली तर तेच कण गाडीभर ओढले जातात. क्ले जमिनीवर पडली तर टाकून द्या, धुऊन परत वापरू नका.

घरी खिडकीच्या ग्रिलचं किंवा शेडचं वेल्डिंग-ग्राइंडिंग चालू असेल तर गाडी दुसऱ्या गल्लीत न्या. एका दुपारच्या ठिणग्यांनी काचेवरसुद्धा कायमचे ठिपके पडतात.

प्रश्न : गळीत हंगामात कारखान्याच्या चिमणीची काळी राख रोज सकाळी गाडीवर असते. फडक्याने पुसतो. आता उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे दिसतात. कव्हर घेऊ का? (कागल तालुका)

ओरखडे फडक्यानेच पडलेत. ऊस जमिनीतून सिलिका शोषून घेतो आणि बगॅस म्हणजे उसाचा चोथा जळाल्यावर ती राखेत उरते. सिलिका म्हणजे वाळूचंच द्रव्य. कोरड्या फडक्याने राख पुसणं म्हणजे बारीक पॉलिश पेपर फिरवणं. पिसांचा झाडू आणि तेल लावलेलं डस्टर यांचंही तेच. शिवाय राख अल्कधर्मी असते. दव पडलं आणि वर ऊन आलं तर तिचे डाग लॅकरमध्ये खातात, म्हणून ती आठवड्यापेक्षा जास्त दिवस तशीच ठेवणंही बरं नव्हे.

पाण्याआधी गाडीला हात लावायचा नाही, हा नियम ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत पाळा. पाइपने किंवा तांब्याने वरून पाणी सोडा, राख वाहून जाऊ द्या. रोज जमत नसेल तर पुढची-मागची काच आणि दिवे तेवढे पाण्याने स्वच्छ करा, बाकी गाडी राखेसकट चालवा, आठवड्यातून एकदा नीट धुवा. धुताना दोन बादल्या घ्या, १०-१० लिटरच्या. एकीत कार शाम्पू, बाटलीवर लिहिलेल्या मापाने, दुसरीत साधं पाणी. मिट, म्हणजे गाडी धुण्याचा मऊ हातमोजा, आधी साध्या पाण्यात पिळायचा, मगच शाम्पूत. टपापासून सुरुवात, दाराचा खालचा भाग आणि बंपर शेवटी, तेही वेगळ्या फडक्याने. हात गोल नाही, सरळ फिरवा. भांड्याचा साबण आणि धुण्याची पावडर लावलेलं मेण उतरवतात आणि रबर कोरडं पाडतात.

कव्हरबद्दल विचार करून सांगतो. स्वच्छ, कोरड्या गाडीवर, वारा नसलेल्या जागी कव्हर चांगलं. तुमच्याकडे यातलं काहीच नाही. राख बसलेल्या गाडीवर कव्हर ओढलं की तेच ओरखडे, आणि वाऱ्याने फडफडलं की दिवसभर तेच. पावसाळ्यात तर ओल्या गाडीवर कव्हर घालूच नका. अडकलेल्या वाफेने लॅकरखाली फोड येतात, विशेषतः नंतर रंगवलेल्या भागावर. त्यापेक्षा चार खांबांवर छप्पर करा. शेतीची ७५ टक्के सावलीची जाळीसुद्धा ऊन बऱ्यापैकी तोडते, पण तिच्यावर कावळे बसतात आणि राख खाली झिरपते. पत्रा उत्तम. पारदर्शक पॉलिकार्बोनेट शीट घेणार असाल तर तिला अतिनील किरणांपासून संरक्षण देणारी एकच बाजू असते, शीटवर चिकटवून आलेल्या फिल्मवर ती छापलेली असते. ती बाजू वर ठेवा. उलटी बसवली की शीट हेडलाइटसारखीच पिवळी पडते.

पडलेले ओरखडे कंपाउंडने कमी होतील, पण ते काम हंगाम संपल्यावर एकदाच. गाडीच्या मूळ रंगाची एकूण जाडी साधारण १०० ते १३० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), त्यात लॅकर ३५ ते ५०. एका कंपाउंडिंगमध्ये दोन ते चार मायक्रॉन जातात. दर दिवाळीला रबिंग-पॉलिश करून घेणाऱ्याची गाडी आठव्या वर्षी का उघडी पडते, ते यातून कळेल. अतिनील किरण शोषणारं द्रव्य लॅकरमध्येच असतं.

प्रश्न : टपावर आणि बॉनेटवर पांढरे चट्टे पडून पापुद्रे सुटताहेत. कोणतं पॉलिश लावू? (इचलकरंजी)

कोणतंच नाही. लॅकर सुटलं की पॉलिश, मेण, सिरॅमिक सगळं वाया जातं. टप आणि बॉनेट आडवे, दुपारचं सरळ ऊन त्यांच्यावर, म्हणून आधी तिथेच सुटतं. तो भाग पूर्ण रंगवावा लागेल. चट्ट्यापुरतं लॅकर मारून देतो म्हणणाऱ्याला नाही म्हणा, त्या कडा वर्षभरात पुन्हा उचलतात. पेंटरने जुन्या लॅकरची कड नखाला लागणार नाही इतकी घासली पाहिजे, मग प्रायमर, बेस आणि टू-के लॅकरचे दोन हात. हार्डनरचं प्रमाण त्या लॅकरच्या डब्यावर असतं, अंदाजाने ओतू देऊ नका. कमी पडलं तर लॅकर मऊ राहतं, जास्त झालं तर कडक होऊन तडकतं. रंगवेपर्यंत प्रेशर वॉशची नळी त्या कडांपासून लांब ठेवा. नव्या रंगावर महिनाभर मेण किंवा कोटिंग नको, आतलं थिनर उडून जायला हवं.

प्रश्न : जोतिबाच्या चैत्र यात्रेला गाडी घेऊन जातो. परतल्यावर गुलाल निघता निघत नाही, पांढऱ्या रंगाला गुलाबी झाक राहते. (पंचगंगा घाट परिसर)

गुलाल ओला झाला की रंगतो, कोरडा असेपर्यंत नुसती पूड असते. म्हणून परतल्यावर ओलं फडकं फिरवायचं नाही. टायरच्या दुकानात हवेच्या नळीने आधी सगळा उडवा. पुढच्या काचेखालची जाळी, दारांच्या फटी, डिकीची कड, पेट्रोलचं झाकण, ही ठिकाणं विसरली जातात आणि पहिल्या पावसात तिथूनच गुलाबी ओघळ येतात. मग जोरात पाणी, मग शाम्पू. खोबऱ्याचे तुकडे जिथे पडले तिथे तेलाचा डाग असतो, त्यावर शाम्पू दोनदा लावा.

एवढं करूनही झाक राहिली तर मायक्रोफायबरवर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी समप्रमाणात घेऊन हलकं टिपा. त्यानेही गेली नाही तरच पॉलिश. काळ्या प्लास्टिकच्या आणि रबराच्या छिद्रांत शिरलेला रंग मात्र सहज निघत नाही. खरा उपाय जाण्याआधीचा. आदल्या आठवड्यात गाडी धुऊन मेणाचे दोन हात द्या, प्लास्टिकला ड्रेसिंग लावा. डोंगर चढताना एसी आतली हवा फिरवण्यावर ठेवा आणि परतल्यावर केबिन फिल्टर काढून झटका. चांगभलं म्हणत उधळलेला गुलाल गाडीवर पडायचाच, तो टिकू नये एवढीच सोय आपल्या हातात.

प्रश्न : नवी गाडी घेतली. शोरूमवाले सिरॅमिक कोटिंग घ्या म्हणतात, मित्र म्हणतात पीपीएफ. साध्या मेणाने भागणार नाही का? (राजारामपुरी)

गाडी रात्रंदिवस उघड्यावर राहणार की छपराखाली, यावर उत्तर ठरतं, आणि ते तुम्ही लिहिलेलं नाही. म्हणून दोन्ही सांगतो.

छपराखाली राहत असेल तर साधं मेण किंवा सिंथेटिक सीलंट पुरे. मेण उन्हात सहा-आठ आठवडे टिकतं, सीलंट चार-सहा महिने. मेण ऊन फारसं अडवत नाही. त्याचं काम घाण, विष्ठा, चीक रंगाला थेट चिकटू न देणं.

सिरॅमिक म्हणजे सिलिकाचा एक-दोन मायक्रॉनचा थर. पाणी झटकतं, धुणं सोपं होतं, रसायनांना बऱ्यापैकी तोंड देतं. पण महामार्गावरचा उडालेला खडा त्याने थांबत नाही. जाहिरातीतला नऊ-एच हा आकडा पेन्सिलने ओरखडा काढून बघायच्या चाचणीचा आहे, त्यावरून दगडाशी सामना करेल असं समजू नका. बोअरच्या पाण्याचे डाग तर सिरॅमिकवर उठून दिसतात. लावण्याआधी रंग पॉलिश करतात, तिथे नव्या गाडीचं लॅकर किती घासलं जाणार ते विचारा.

पीपीएफ म्हणजे रंगावर चिकटवायची पारदर्शक संरक्षक फिल्म. ती १५० ते २०० मायक्रॉनची असते, खडा आणि ऊन दोन्ही झेलते. पुणे-बंगळूर महामार्गावर नियमित जाणाऱ्याला बॉनेटचा पुढचा भाग, बंपर, आरसे आणि हेडलाइट एवढ्यावर ती लावणं आम्हाला सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. पूर्ण गाडीला लावणं परवडलं तरी गरजेचं नाही. टीपीयू या लवचिक प्लास्टिकचीच घ्या, पीव्हीसीची स्वस्त फिल्म वर्ष-दोन वर्षांत पिवळी पडते आणि काढताना गोंद रंगावर राहतो. आणि कुणीही, काहीही लावलं तरी पक्ष्याची किंवा वटवाघळाची विष्ठा त्याच दिवशी काढा. ओलं फडकं पाच मिनिटं वर ठेवून मऊ करा आणि उचला, घासू नका, तिच्यात बियांचे कण असतात. उन्हात तापलेलं लॅकर फुगलेलं असतं. संध्याकाळी ते आकसताना वाळलेल्या विष्ठेखाली ठसा उमटतो, आणि तो फक्त पॉलिशने जातो.

प्रश्न : गगनबावड्याकडे रोज जाणं आहे. पावसात हेडलाइटच्या आत वाफ धरते. कडेला सिलिकॉन भरून टाकू का? (कळे)

भरू नका. दिव्याला श्वास घ्यायला मागे बारीक व्हेंट असतं. दिवा तापला-निवला की हवा आत-बाहेर होते, त्यातून कोपऱ्यात पातळ धुकं येतं आणि दिवे लावल्यावर अर्ध्या तासात जातं. तेवढं चालतं. व्हेंट सिलिकॉनने बुजवलं तर आतली ओल आतच राहते.

थेंब ओघळत असतील किंवा तळाला पाणी साचत असेल तर आधी मागची रबरी टोपी बघा. एलईडी बल्ब घातला असेल तर बहुतेक वेळा दोष तिथेच सापडतो. त्या बल्बचा पंखा टोपीत मावत नाही, म्हणून टोपी कापलेली किंवा काढूनच टाकलेली असते, आणि गगनबावड्याच्या पावसाला तेवढं भोक पुरतं. दिवा उतरवा, टोपी काढून एक दिवस कोरड्या जागी ठेवा किंवा हेअर ड्रायरची मंद हवा द्या, मग खोल, मापाची नवी टोपी बसवा. काच आणि खोक्याच्या जोडातून पाणी येत असेल तर दिवा कारागिराकडे द्या. तो जोड सांधताना न्यूट्रल सिलिकॉनच वापरायला सांगा. व्हिनेगरचा वास येणाऱ्या सिलिकॉनची वाफ रिफ्लेक्टरचा चंदेरी थर काळवंडवते. पाणी काढायला खालून भोक पाडून देणारे भेटतील, त्यातून धूळ आणि किडे आत जातात.

प्रश्न : बोअरच्या पाण्याचे पांढरे गोल डाग काचेवर आणि बॉनेटवर बसलेत. (उचगाव)

पाणी उडालं, क्षार राहिले. पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन फडकं भिजवा, डागावर दोन मिनिटं ठेवा, साध्या पाण्याने धुवा. सावलीत, गाडी थंड असताना, आणि वाळू न देता. काचेवरचे बहुतेक निघतील. बॉनेटवर डाग जाऊनही खड्ड्यासारखी कड राहिली तर क्षारांनी लॅकर खाल्लं आहे, पॉलिशशिवाय जाणार नाही. यापुढे भर दुपारी गाडी धुऊ नका, आणि शेवटची एक बादली नळाच्या पाण्याची ओतून लगेच मायक्रोफायबरने टिपून घ्या.

प्रश्न : बंपरचं आणि वायपरखालचं काळं प्लास्टिक राखाडी पडलंय. खोबरेल तेल लावलं तर काळं होतं, पण टिकत नाही. (मंगळवार पेठ)

तेल दोन दिवसांत धूळ ओढतं आणि रस्त्याची घाण त्यात चिकटते. प्लास्टिक आधी शाम्पू आणि मऊ ब्रशने धुवा, पूर्ण वाळू द्या, आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या पाण्याने पुसा, मग पाण्यात मिसळणारं ट्रिम ड्रेसिंग लावा, विरळ, दोन हात. फार राखाडी असेल तर प्लास्टिक ट्रिमसाठीचं कोटिंग मिळतं, ते जास्त टिकतं. मेण मात्र या प्लास्टिकला लागू देऊ नका. छिद्रांत अडकून पांढरे पट्टे पडतात, ते जुन्या टूथब्रशने आणि कोमट शाम्पूच्या पाण्याने निघतात.